राग गिळू नकोस

दादर, मुंबई
रविवार

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'आता स्टोइक व्हायचं, काही म्हणजे काही मनाला लावून घ्यायचं नाही' हा निश्चय वाचला. पण दातओठ आवळून राग गिळणं म्हणजे त्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांसारखं स्टोइक होणं नव्हे. तो गिळलेला राग संध्याकाळी वहिनींवर निघेल.

गाडीत कुणी पायावर पाय दिला की पहिली तिडीक उठते. ती आपल्या हातात नाही, हे त्यांच्यातल्या सेनेका या रोमन लेखकालाही मान्य होतं. रागावरच्या त्याच्या तीन भागांच्या ग्रंथात ते स्पष्ट आहे. मग मन पुढचं जोडतं, 'मुद्दाम केलंन, याला दाखवतोच.' त्याला तू मान डोलावलीस की राग तयार. काम करायचं ते तिडीक आणि मान डोलावणं यांच्या मधल्या दोन क्षणांत. घडलं तेवढंच मनात म्हण: 'पायावर बूट पडला. दुखतंय.' 'नालायक' हा शब्द आला की तिथेच थांब.

ऐन गर्दीत हे सुचत नाही, म्हणून तयारी आधीच हवी. दुसरा स्टोइक एपिक्टेटस जन्माने गुलाम, पुढे ग्रीसमधल्या निकोपोलिसला तत्त्वज्ञान शिकवायचा. सार्वजनिक स्नानगृहात निघालेल्याला तो सांगतो, तिथे काय चालतं ते आधी आठव: कुणी पाणी उडवेल, कुणी ढकलेल, शिव्या देईल, चोरी करेल. मग ठरव की अंघोळही करायची आहे आणि मनही ठिकाणावर ठेवायचं आहे. तू चप्पल घालताना हेच कर. 'गाडी लेट असेल. अंधेरीला बॅग अडकेल. तिसऱ्या सीटवरचा सरकणार नाही. मला चर्चगेटला पोचायचंय आणि कुणाशी वाकडं बोलायचं नाहीये.' एक मिनिट पुरे, आणि रोज घडतात त्याच तीन-चार गोष्टी घे. आजारपण, नोकरी जाणं वगैरे इतक्यात नको. 'तेव्हा मी काय करीन' इथपर्यंत विचार गेला नाही, तर ती तयारी राहत नाही, नुसती काळजी होते.

बहुतेकांची गाडी घसरते ती 'माझ्या हातात काय' या प्रश्नावर. एपिक्टेटसच्या यादीत आपलं फार थोडं आहे: आपलं मत, आपली इच्छा, आपली नावड, आपण काय करायला घेतो ते. शरीर, पैसा, नाव, हुद्दा त्यात नाहीत. हे वाचून लोक सोसायटीच्या मीटिंगला जाणं सोडतात. पाणी येणं कुठे आपल्या हातात आहे! हा शुद्ध आळस. मार्कस ऑरेलियसही स्टोइकच, इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट होता आणि त्यातली कित्येक वर्षं डॅन्यूब नदीच्या सीमेवर लढाईत गेली. हात बांधून कुठे बसला तो? पाणी येणं हातात नसेल, अर्ज लिहिणं आणि त्याचा पाठपुरावा करणं आहे. म्हणून उद्दिष्टच बदलून लिही. 'साडेनऊला टेबलावर' ऐवजी 'आठला घराबाहेर'. 'प्रमोशन' ऐवजी 'शुक्रवारपर्यंत अहवाल नीट'.

सेनेका अधूनमधून काही दिवस जाडंभरडं खाऊन राहायला सांगतो. ते सध्या राहू दे. साबुदाण्याची खिचडी चापून केलेला उपवास त्यात धरत नाहीत.

रात्रीची वही मात्र धरच. सेनेका दिवा गेला आणि बायको गप्प झाली की दिवसभराचा झाडा घ्यायचा. तू पाच मिनिटं घे, तीन ओळी लिही: कुठे घसरलो, कुठे सावरलो, उद्या त्या जागी काय करीन. वाक्याचा कर्ता 'मी' हवा. 'साहेब ओरडले' ही नोंद नव्हे. 'साहेब ओरडले तेव्हा मी फाईल आपटली' ही नोंद. आणि स्वतःला झोडपत बसू नकोस. सेनेका स्वतःला म्हणतो, पुन्हा करू नकोस, या वेळी माफ.

उद्यापासून फक्त ही वही सुरू कर. आठवड्याभरात तेच ते दोन-तीन प्रसंग वर येतील. सकाळी चप्पल घालताना आठवायचे ते तेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर