झाळून दिली नाहीत म्हणून, मेस्त्रीकाका

ती. मेस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही "बघतो निवांत" म्हणून फळीवर ठेवून दिलं असतंत. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवील. नाव लिहू नका म्हणालात, ते लिहीत नाही. एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करणारे बरेच आहेत, पण मी कुणाबद्दल बोलतेय ते तुमच्या गल्लीतल्यांना कळेलच.

आभार मानायचे आहेत ते तुम्ही माझ्या सायकलची तडा गेलेली फ्रेम झाळून दिली नाहीत म्हणून. शंभर-दोनशे नव्हे, चारशे-पाचशे रुपये सहज सुटले असते त्या कामात. गिऱ्हाईक दारात उभं होतं, पैसे द्यायला तयार होतं, वर घाईत होतं. आणि तुम्ही सायकल उलटी करून, चष्मा कपाळावर सारून म्हणालात, "मॅडम, हे मी झाळू शकतो. पण झाळणार न्हाय."

त्या दिवशी मला तुमचा राग आला होता, हे आज कबूल करते.

त्याआधीचे तीन आठवडे सायकल करकरत होती. दर रविवारी समर्थ मंदिरावरून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासपर्यंत जायचं आणि परत उतरायचं, हा माझा पाच वर्षांचा नेम. बसून पायडल मारलं की करकर, उभं राहिलं की आवाज बंद. मी सीट पोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, ग्रीस लावलं, बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचं बेअरिंग) बदलून घेतला, खोगिराचे बोल्ट आवळले. आवाज जाईना. मग एका रविवारी परत आल्यावर धुताना, वरची आडवी नळी जिथं सीटच्या नळीला मिळते त्या जोडाखाली रंगावर केस चिकटल्यासारखा दिसला. अंगठ्यानं पुसला, गेला नाही. नख फिरवलं तर नख अडकलं.

फोटो काढून दुकानाला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: अपघातात तुटलीय, वॉरंटीत बसत नाही. फ्रेमला आजीवन वॉरंटी आहे म्हणून तर मी चार पैसे जास्त मोजले होते. फोन केला तर तेच उत्तर, जरा वरच्या पट्टीत. आमच्यासारख्यांना एवढं पुरतं. मोठं दुकान म्हणतंय म्हणजे तसंच असणार, असं मानून मी सायकल घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही नळीवरचा छोटा स्टिकर वाचलात. "सहा हजार एकसष्ट. टी सिक्स." आणि स्टुलावर बसवून मला जे सांगितलंत, ते पाच वर्षांत मला एकाही सायकलवाल्यानं सांगितलं नव्हतं. ६०६१ म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेलं ॲल्युमिनियम. नुसतं ते धातू म्हणून मऊच. कारखान्यात फ्रेम जोडून झाली की साधारण ५३० अंशांना तापवतात, झटक्यात गार करतात, आणि मग १६०-१८० अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात. टी-६ म्हणजे ती सगळी तपश्चर्या. त्यावर पुन्हा आर्गनचा झोत मारला की झाळलेल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचं मटेरियल मऊ पडतं, ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. टाका नवा आणि चकचकीत दिसतो, पण त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर पुन्हा तडकतं. परत टी-६ करायचं तर अख्खी फ्रेम मावेल अशी भट्टी हवी, आणि तापताना ती वाकू नये म्हणून धरायला साचा हवा. "माझ्याकडं दोन्ही न्हाय," तुम्ही म्हणालात. "लोखंडाची असती तर चहा होईस्तोवर दिली असती."

मी विचारलं, लोखंडात आणि यात एवढा काय फरक? तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "लोखंड एका मापाखालचा ताण कितीबी वेळा सोसतं. ॲल्युमिनियम बारक्यातल्या बारक्या हिसक्याचा हिशोब ठेवतं." एवढी वर्षं वर्गात पोरांना शिकवतेय, पण एखादी गोष्ट इतकी नेमकी सांगणं मला क्वचित जमलंय.

आणि निघताना पाठमोऱ्या माझ्यावर ओरडलात: "वॉरंटी असंल तर रंगसुद्धा खरडू देऊ नका कुणाला!"

काका, तुम्हाला हे माहीत नाही. तिथून मी सरळ दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेले. चारशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा, असं ठरलं. त्या माणसाचा काही दोष नाही, मी सांगितलं तेच तो करत होता. त्यानं फ्रेम बाकावर आवळली, ग्राइंडर सुरू केला, आणि चाकाचा आवाज चढला तसं तुमचं ते वाक्य आठवलं. मी "थांबा, थांबा" म्हणून हात मध्ये घातला. चाक रंगाला टेकायला वीतभर अंतर होतं. टेकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण तड्याच्या कडांवरच सगळा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी परत तुमच्या दारात. तुम्ही "आलात का?" एवढंच विचारलंत.

तो दुपारचा तास मी विसरणार नाही. साखर कारखान्यात बॉयलरच्या कामावर असताना वापरायचात तो तडे शोधायचा लाल फवारा तुम्ही काढलात. जोड साफ केला, लाल रंग मारला, पंधरा मिनिटं हात लावू दिला नाहीत. मग फडक्यानं पुसून वर पांढरी पावडर फवारली. खरं तर मूळचा रंग काढूनच ही टेस्ट करतात, पण तडा रंगातून वर आलाय तेव्हा रेघ दिसायला एवढं पुरे, हेही सांगितलंत. आम्ही दोघं बघत बसलो. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली, जखम भिजावी तशी. मला वाटलं होतं इंचभर असेल. ती नळीच्या निम्म्या घेराला वळसा घालून मागं गेली होती.

मग तुम्ही एकेक गोष्ट दाखवत गेलात आणि मी वहीत लिहीत गेले. समोरून आदळलेली फ्रेम असेल तर हँडलच्या नळीमागं, खालच्या नळीच्या पोटाला रंग सुरकुततो. माझं बोट धरून तिथून फिरवलंत, काचेसारखं गुळगुळीत. पुढच्या चाकाचा चिमटा सरळ, रिम फिरवली तर डुलत नाही. सीट पोस्ट उपसून त्यावरचे ओरखडे पट्टीनं मोजलेत: बारा सेंटिमीटर आत होता, कमीत कमी किती आत हवा त्या खुणेपेक्षा बराच जास्त. म्हणजे सीट फार वर काढून नळी फाडली, असंही कुणी म्हणू शकत नव्हतं. आणि भिंगातून तड्याची कड दाखवलीत. कडेला काळा मळ भरलेला होता. "एका दणक्यात फुटलेलं आतून चकाकतं. हे महिनोन्‌महिने सरकत आलंय." प्रत्येक ठिकाणी स्टीलची पट्टी शेजारी धरून तुम्ही मला फोटो काढायला लावलेत. बॉटम ब्रॅकेटच्या खालचा चिखल खरवडून फ्रेमचा नंबर काढलात, त्याचाही.

ते फोटो, नंबर, बिल आणि तुमचे मुद्दे माझ्या भाषेत लिहून मी दुकानाला वगळून थेट कंपनीला ईमेल केला. बिल मूळ खरेदीदाराच्या नावाचं लागतं; माझं गॅसच्या पुस्तकात सापडलं. आठवडाभर उत्तर नाही म्हटल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाण्याची माझी तयारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. जावं लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी फ्रेम बदलून देतो म्हणून कळवलं. अट एकच: जुनी फ्रेम कापून, कापलेल्याचा फोटो पाठवा.

कापायला तुमच्याकडेच आणली. खालची नळी करवतीनं कापलीत, वरची कापलीत, आणि सीटच्या नळीपाशी आल्यावर करवत बाजूला ठेवलीत. तिच्यात एक लोखंडी पाइप घातलात आणि मला म्हणालात, "पोरी, तूच दाब." तोपर्यंत मी मॅडम होते. मी दाबलं. फार जोर लावलाच नाही, बाभळीची वाळकी काटकी मोडावी तशी ती मोडली. तुटलेल्या कडेला करडा-काळा, गुळगुळीत भाग केवढा तरी, आणि चकाकणारी, साखरेच्या कणांसारखी खरखरीत कड जेमतेम दोन बोटं. त्या दोन बोटांवर मी तीन रविवार यवतेश्वरचा घाट उतरले होते. वळणावर ब्रेक दाबत, मागून येणाऱ्या एसटीला वाट देत. तुम्ही काही बोलला नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे केलात.

नवी फ्रेम आली त्यात पुन्हा अडचण. जुनं मागचं चाक १३५ मिलिमीटरच्या हबचं, म्हणजे मधल्या तुंब्याचं, नवीन फ्रेमला १४८ चं लागतं. कंपनी फ्रेम देते, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. मागचा हब नवा घ्यावा लागला, चाक पुन्हा विणून घ्यावं लागलं. वॉरंटीवाल्या प्रत्येकानं या खर्चाची तयारी ठेवावी. पण सीट पोस्टचं तुम्ही निभावलंत. माझा जुना २७.२ मिलिमीटर जाडीचा, नवी नळी ३०.९ ची. मी नवा मागवायला निघाले होते. तुम्ही लेथवर ॲल्युमिनियमचा गज लावून मधली फट भरायला एक नळकांडं कातून दिलंत, भिंत १.८५ मिलिमीटरची, लांबी चांगली दहा सेंटिमीटर. आखूड केलं तर सगळा भार एकाच कडेवर येतो, म्हणून. आत पोस्ट सरकवला तेव्हा हवा दबून बाहेर पडल्याचा बारीक आवाज आला. त्याचे दीडशे रुपये घेतलेत आणि पावती दिलीत.

सायकल आता करकरत नाही. दर धुण्याला मी त्या जोडाभोवती नख फिरवते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हँडलच्या नळीमागं आणि मागच्या चाकाजवळच्या जोडांवरही. माझ्याबरोबर कासला येणाऱ्या चौघांना मी तेच करायला लावलंय. त्यांतल्या एकाच्या फ्रेमला रेघ सापडली. फक्त रंगाची निघाली, पण त्यानं झाळणाऱ्याकडं न नेता आधी माझ्याकडं आणली.

मोडलेल्या नळीचा एक तुकडा तुम्ही वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय आणि कुणी ॲल्युमिनियमची फ्रेम घेऊन आलं की काढून हातात देता, असं तुमचा मुलगा सांगत होता. त्याच्या जोडीचा दुसरा तुकडा माझ्या कपाटात आहे. दोन्ही एकमेकांना लावून दाखवले की काळं किती आणि चकाकणारं किती ते लगेच कळतं. या शनिवारी शाळा सुटली की आणून देते.

तुमची,
कासला जाणारी मॅडम
सातारा