धुऱ्यावरची जीप जेसीबीने ओढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हरभरा-गहू निघाला, पऱ्हाटी उपटून झाली की विदर्भात धुरे (शेताचे बांध) साफ करायची घाई सुरू होते. मग बाभळीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली विलीज जीप किंवा वाड्याच्या कोठ्यात कुटाराखाली (वाळल्या चाऱ्याखाली) दबलेली ॲम्बेसेडर जेसीबीला दोर बांधून बाहेर ओढली जाते. वीस-तीस वर्षांच्या ऊनपावसाने झालं नाही ते नुकसान या अर्ध्या तासात होतं. मोडलेले शॅकल (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कड्या), वाकलेला स्टिअरिंग रॉड, फाटलेला पत्रा घेऊन गाडी गॅरेजात येते आणि मालक विचारतो, किती खर्च येईल?

आधी कागद. बेवारस दिसते म्हणून गाडी बेवारस होत नाही. मालकाच्या किंवा सगळ्या वारसांच्या लेखी संमतीशिवाय ती हलवली तर ती चोरीच. वनजमिनीवर असेल तर वनविभागाची परवानगी वेगळी. नेहमीच्या खरेदीला फॉर्म २९ आणि ३०, मालक वारला असेल तर वारसाच्या नावे करायला ३१. चेसिस नंबरवर (सांगाड्यावर कोरलेल्या गाडीच्या नंबरवर) ग्राइंडर अजिबात लावू नका; गंजाबरोबर आकडेही जातात. रॉकेलचा बोळा, हलका वायर ब्रश, आणि वर कागद ठेवून पेन्सिलने छाप. नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या चेसिसला वेल्डिंग करणारेही भेटतात. तो गुन्हा आहे, त्यांच्या नादी लागू नये.

वाचवण्यासारखी गाडी कोणती? जीपला स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे बॉडीची चाळणी झाली तरी गाडी उभी राहते. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. दाराखालची पेटी आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बसतात ती जागा सडली की गाडीचा कणाच गेला. एका बाजूने जॅक लावून दार उघडून-लावून बघा. दार अडकलं तर पेटी खाली बसली आहे. आपल्या कोरड्या हवेत पत्रा कोकणापेक्षा पुष्कळ टिकतो, पण गाडीत युरिया-पोटॅशच्या थैल्या ठेवल्या असतील तर तळ खाल्लेला मिळणारच. उघड्या धुऱ्यावरच्या गाडीपेक्षा गोठ्यातली गाडी आतून जास्त सडलेली निघते, कारण ओल आणि गोमूत्र.

आता बाहेर काढणं. काळ्या मातीत पावसाळ्यात हात घालू नये. मार्च ते मे हा हंगाम. मात्र वाळलेली काळी माती चाकाला सिमेंटसारखी धरते, म्हणून ओढण्याआधी खणायचं. पहिल्यांदा लांब काठीने बोनेट, सीट, चाकांच्या मागे ठोकून घ्या. घोणस, विंचू, गांधीलमाशा यांचं ते घरच असतं. पायात गमबूट हवेत. इंजिनातून वर आलेली बाभूळ उपटू नका, वायरिंग आणि ब्रेकचे पाइप घेऊनच ती येते. करवतीने तुकडे करून काढा.

प्रत्येक चाकाभोवती हातभर चर खणून ओढायच्या दिशेला उतार द्या. जीपला जॅक ॲक्सलखाली लावा, तळाला नाही, आणि जॅकखाली दोन इंच जाडीची, दोन फूट लांब-रुंद फळी घाला; नुसता जॅक मातीत उतरतो. चाक सुटलं की खाली फळ्या सरकवा. तरीही चाक फिरत नसेल तर ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटलेले असतात. ॲडजस्टर ढिला करा, लाकडी हातोड्याने ड्रमला गोल फिरत ठोका, गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा. जाम चाक तसंच ओढलं की यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला धरणारा) नाहीतर शॅकल तुटतो. दोर चेसिसच्या आडव्या पट्टीला बांधा, बंपरला नाही. उभ्या ट्रॅक्टरला चेन पुल्ली अडकवून इंच-इंच ओढा, आणि दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

गाडी निघाल्यावर खालची माती वाळूच्या चाळणीतून गाळा. पितळी अक्षरं, दाराच्या मुठी, दिव्याच्या कड्या तिथेच पडलेल्या असतात आणि बाजारात शोधून मिळत नाहीत.

इंजिन ढकलस्टार्ट करू नका. आधी सम्पचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) बोल्ट काढा. पाणी तेलाखाली बसतं, म्हणून तेच आधी पडेल. पाणी बरंच निघालं तर सम्प उघडून बेअरिंग पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात, साधारण ५० मिली सोडा (बिडी लांब ठेवा). आठवडाभर झिरपू द्या, कमी झालं तर भर घाला. मग हाताने क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) चार-दोन अंश मागेपुढे हलवा. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात दमट हवा शिरून पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरतात. जोर केला की रिंग मोडते. टाकीला वेल्डिंग नको, आत पेट्रोलची वाफ असते. युद्धकाळातल्या जीपची वायरिंग ६ व्होल्टची आहे, १२ व्होल्टची बॅटरी जोडू नका. रंगाचं काम शेवटी, त्याबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही, आणि आपल्याकडे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत होती. तेव्हा सौदा करण्याआधी बोनेट उघडून इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहा.

एक मागणी परिवहन विभागाकडे आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या गाडीची चौकशी जुन्या जिल्ह्यात करावी लागते, आणि त्या फेऱ्यांना कंटाळून वारस गाडी वजनावर देऊन टाकतात. तालुक्याच्या शिबिरातच अशा गाडीचा अर्ज घेऊन जुन्या नोंदवहीतला उतारा मागवून द्यावा.

— जुन्या गाड्यांचे काही मेकॅनिक, जि. यवतमाळ