धामण मारू नका, घूस ओळखा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गहू ओंबीवर आला की धुऱ्याजवळच्या (बांधाजवळच्या) काड्या बुडापासून तिरप्या कापलेल्या दिसतात, हे काम 'लहान घूस' या जातीच्या उंदराचं, बिळाच्या तोंडावर भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग दिसला की समजायचं ती आतच आहे कारण आत शिरली की मातीनं दार बुजवून घेते. एका बिळात बहुतेक एकच पूर्ण वाढलेली घूस, ओंब्या ओढून नेते आणि आत कोठार भरते, गाभण राहिली की साधारण २३ दिवसांत पिल्लं. आमच्याकडे धामण दिसली की लोक काठी उचलतात! अहो ती बिनविषारी, घुशी-उंदीर खाते, घुबडंही त्यांना खातात. घुशीचं औषध टाकायचं तर सगळ्या गावानं एकाच टायमाला टाकावं, नाहीतर शेजारच्या धुऱ्यावरून परत येतात. कृषी सहायकांनी पेरणीआधी गावोगाव मीटिंग घ्यावी ही विनंती.

एक शेतकरी, जि. यवतमाळ