अण्णा, ट्रेलर घेतला

ग्रीनवूड, इंडियाना

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

"ट्रक स्वतःचा झाला, मग मागचा ट्रेलर अजून भाड्याचा का?" असं तुम्ही विचारलंत आणि नेमका फोन कट झाला. म्हणून सविस्तर लिहितोय. गेल्या शनिवारी ट्रेलर घेतला, अण्णा. फ्लॅटबेड. नुसता उघडा पाटच, बाजूला फाळका नाही. ४८ फूट लांब, साडेआठ फूट रुंद.

तीन महिने शोधत होतो. इथे ट्रक, ट्रेलर आणि माल धरून ८०,००० पाउंड, म्हणजे साधारण ३६ टन, एवढीच मुभा. ट्रेलर जितका हलका तितका माल जास्त बसतो, म्हणून आधी पूर्ण ॲल्युमिनियमचाच घ्यायचा विचार होता. एक जुना स्वस्तात मिळत होता. पाठीवर झोपून बॅटरी घेऊन खाली शिरलो. आडव्या पट्टीच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी काळी रेघ दिसली. विकणारा म्हणाला, मळ आहे. नख फिरवलं तर अडकलं! तडाच होता. खंबाटकी घाट लागण्याआधी तुम्ही गाडीखाली शिरून स्प्रिंगच्या पाट्यांवर हातोडी मारायचात, आवाज बद्द आला की गाडी जागची हलत नसे, ते आठवलं. मी उठलो, कपडे झटकले आणि निघालो.

मी गॅरी शहरातल्या पोलाद कारखान्यांतून कॉइल भरतो. पत्र्याची एकेक गुंडाळी वीस टनांपर्यंत जाते, आणि ते सगळं वजन चार-पाच फुटांत बसतं. त्याला खाली भक्कम तुळया हव्यात. पूर्ण लोखंडी घ्यावा तर तो जड, शिवाय हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड खातं. म्हणून कॉम्बो घेतला: मुख्य तुळया पोलादाच्या, वरचा पाट ॲल्युमिनियमचा. पहाटे दव गोठलं की पाटावर पाय घसरतो, ते जपावं लागतं.

मागचे दोन ॲक्सल दहा फूट अंतरावर आहेत. जवळजवळ असले तर दोघांवर मिळून ३४,००० पाउंडच चालतात, असे लांब असले की ४०,०००. कॉइल जरा मागे बसली तरी वजनकाट्यावर दंड होत नाही. पण आखूड वळणावर टायर घासतात. तुम्ही टायर जिवापाड जपायचात, म्हणून मुद्दाम सांगतो: केबिनमध्ये बटण बसवून घेतलंय, अगदी हळू वळताना त्या दोनपैकी पुढच्या ॲक्सलच्या फुग्यांतली (स्प्रिंगच्या जागी असतात ते) हवा सोडता येते, म्हणजे टायर कमी घासतात.

परवा पहिली खेप झाली. नियमाप्रमाणे ५० मैलांच्या आत थांबून साखळ्या पाहिल्या. एक सैल झाली होती, ती आवळली.

एक विचारायचं राहिलं. याला पाटे नाहीत, हवेचे फुगे आहेत. मग हातोडी कुठे मारून बघायची? नुसत्या बोल्टांवर पुरेल का? रविवारी फोन करतो, तेव्हा सांगा.

आईला नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत ते कळवा.

तुमचा,
धाकटा