आईनस्टाईनचे रफ कागद

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की संशोधनाचा पेपर छापून झाला, जगाने वाचला, मग त्याचे रफ कागद कशाला जपायचे? तेव्हा घाईत होतो, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आईनस्टाईनचंच बघ. 1912-13 ची त्याची एक वही आहे, झुरिक नोटबुक म्हणतात तिला, जेरुसलेमच्या हिब्रू युनिव्हर्सिटीत ठेवलीये. दोन्ही टोकांकडून लिहिलेली, म्हणजे अर्धं लिखाण उलटं. एका पानावर रीमन टेन्सर आहे, म्हणजे वक्रता मोजायचं गणित, आणि त्याच्या शेजारी एक नाव, ग्रॉसमन. त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, गणितातला जाणकार! पुढच्या काही पानांत आईनस्टाईन गुरुत्वाकर्षणाच्या बरोब्बर समीकरणाच्या अगदी जवळ पोचतो आणि मग ते सोडून देतो, आणि परत त्या वाटेला येतो थेट नोव्हेंबर 1915 मध्ये. छापलेल्या पेपरमधून हे कुणाला कळलं असतं? इतिहासकारांनी ही वही ओळ न् ओळ लावून वाचली तेव्हा हा सगळा प्रवास समजला. कुणी ती नीटनेटकी करायला गेलं असतं, उलटी पानं सुलटी करून वेगळी लावली असती, तर संपलंच होतं.

आणि हे सगळं आपोआप टिकलं नाही रे. 1933 मध्ये नाझी आले तेव्हा आईनस्टाईन जर्मनीत नव्हता, बर्लिनच्या घरातले कागद त्याचा जावई रुडॉल्फ कायझर याने फ्रेंच वकिलातीच्या मदतीने बाहेर काढले. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो हेलन डुकासबद्दल. 1928 पासून त्याची सेक्रेटरी. 1955 ला तो गेल्यावरही ती त्या कागदांतच राहिली, जगभर लोकांकडे पडलेल्या पत्रांच्या कॉप्या गोळा करत, पार 1982 मध्ये ती जाईपर्यंत. त्याच वर्षी सगळं जेरुसलेमला गेलं, मृत्युपत्रात त्याने तसंच लिहून ठेवलं होतं. तिने आणि मृत्युपत्राची जबाबदारी असलेल्या ऑटो नेथनने काही खाजगी गोष्टी लोकांपासून लांब ठेवल्या, ते मला पटत नाही, पण तिच्याशिवाय आज हातात काय उरलं असतं? सावत्र मुलगी मार्गोचं मात्र पटतं. तिच्याकडची घरगुती पत्रं आपल्या मृत्यूनंतर 20 वर्षं उघडू नका अशी तिची अट होती, ती 1986 ला गेली आणि अर्काइव्हने ती पत्रं खुली केली 2006 मध्ये. दिलेला शब्द पाळला.

अजून एक, आलेली पत्रंही जपलीत म्हणून सांगतो. 4 जून 1924 ला आपले भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस ढाक्याहून पेपर पाठवतात, पटला तर जर्मन जर्नलमध्ये छापायची व्यवस्था करा म्हणतात, आणि वर आठवण करून देतात की तुमचा रिलेटिव्हिटीवरचा पेपर इंग्रजीत आणणारा मीच. आईनस्टाईनने तो पेपर स्वतः जर्मनमध्ये आणून छापायला दिला! तो छापील पेपर कुठल्याही चांगल्या लायब्ररीत मिळेल, पण एवढ्या मोठ्या माणसाला अनोळखी तरुणाने किती भरवशाने लिहिलं, ते फक्त त्या पत्रातच आहे.

2014 पासून प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने आईनस्टाईनच्या कागदपत्रांचे खंड ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. बोसांचं पत्र चौदाव्या खंडात सापडेल, इंग्रजीतच आहे. वाच आणि रात्री फोन कर, मग भांडू.

तुझाच,
मन्या