माकूळ (स्क्विड) गळाला लागून सुटतात ते का?

महोदय,

सुट्टीत किनाऱ्यावरून गळ टाकणारे हौशी लोक माकूळ निसटले की जिगला, म्हणजे काटे लावलेल्या खोट्या आमिषाला, दोष देतात. चूक बहुधा हाताची असते. या जिगच्या काट्यांना उलटी अडक नसते. तंगूस (गळाची दोरी) क्षणभर सैल पडला की माकूळ सुटलेच. ७-८ फुटी हलकी काठी आणि १० ते १५ ग्रॅमची जिग पुरे. जिग तळाजवळ बुडू द्यावी, दोन झटके द्यावेत, मग तंगूस किंचित ताणून ती पुन्हा खाली सोडावी. माकूळ झडप घालतात ते बहुधा तेव्हाच. तंगूस गुंडाळणाऱ्या रिळाचा ब्रेक सैल हवा, नाहीतर नुसता पाय तुटून हाती येतो. शाई पाण्यातच सोडू द्यावी, कपडे वाचतात! माकळांऐवजी लहान मासे धरायचे तर १० नंबरचा बारीक गळ आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा लावावा. तुकडा मोठा असला तर ते कडेने कुरतडून नेतात.

– एक वाचक