सूत्राचा फोटो नको, सूत्रच पाठवा

महोदय,

सूत्रे, आलेख आणि सिद्धता समाजमाध्यमांवर एकमेकांना पाठवण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे आणि गणित शिकवणारी व्यक्ती म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र यातले बरेचसे गणित फोटोच्या रूपात फिरते, याची खंत वाटते. फोटोतले सूत्र शोधून सापडत नाही, ते उचलून पुढच्या पायरीत वापरता येत नाही, त्यातले चुकलेले चिन्ह दुरुस्त करून परत पाठवता येत नाही. आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यापर्यंत तर ते पोहोचतच नाही.

साध्या अक्षरांत टंकलेले सूत्रही पुष्कळदा दगा देते. १०² नकल करून दुसरीकडे डकवले की कित्येकदा त्याचे १०२ होते. १/२क्ष असे लिहिले, तर कोणी त्याला ‘क्षचा निम्मा’ समजतो, तर कोणी ‘एक भागिले दोन क्ष’. क्षची किंमत ४ असेल, तर पहिल्याचे उत्तर २ येते आणि दुसऱ्याचे १/८. वाद होतो तो गणितावर नव्हे, न लिहिलेल्या कंसावर.

यावरचा उपाय जुना आहे. डोनाल्ड कनुथ यांनी १९७८ मध्ये आणलेली ‘टेक’ आणि तिच्या आधारे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी रचलेली ‘लाटेक’ या गणिती मजकूर मांडण्याच्या संगणकप्रणालींत अंश कोणता, छेद कोणता, वर्गमूळ कुठपर्यंत पसरले आहे, हे साध्या कळफलकावरच्या चिन्हांनीच निःसंदिग्ध सांगता येते. ‘मॅथजॅक्स’सारख्या साधनामुळे असे सूत्र ब्राउझरमध्येही छापील पुस्तकासारखे दिसते. नेहमीच्या वापरापुरत्या आज्ञा शिकणे शाळकरी मुलांनाही जड जात नाही.

आलेखाबरोबर त्याचे समीकरण आणि अक्षांची व्याप्ती द्यायलाच हवी. क्षचा वर्ग आणि दोनचा क्षावा घात यांचे आलेख ० ते ३ एवढ्याच पट्ट्यात काढले, तर ते एकदाच, क्ष = २ येथे छेदतात. पट्टा उजवीकडे ५ पर्यंत वाढवला की क्ष = ४ हा दुसरा छेदनबिंदू दिसतो, आणि डावीकडे ऋण बाजूला गेलो की −०.७७ च्या आसपास तिसरा. पहिले चित्र खोटे नाही, पण समीकरण सोबत नसेल तर पाहणाऱ्याला ते ताणून तपासण्याची सोयच उरत नाही.

सर्वांत जास्त हानी होते ती सिद्धतेची, कारण पुढे पाठवताना तिच्या अटी गळून पडतात. ‘दोन संख्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाहून कमी नसते’ हे विधान पुष्कळांना ठाऊक आहे, परंतु संख्या ऋण नसाव्यात ही अट गाळली, तर −१ आणि −४ घेऊन पाहावे: सरासरी −२.५ येते आणि गुणाकाराचे वर्गमूळ २. अट, विधान आणि प्रत्येक पायरीचे कारण लिहिलेले असेल, तरच अनोळखी वाचक ती सिद्धता तपासू शकतो.

अशा मोकळ्या तपासणीतून काय साधते, याचे उदाहरण फार जुने नाही. लगतच्या मूळ संख्यांमधील अंतर ७ कोटींहून कमी असलेल्या जोड्या अनंत आहेत, हे यितांग झांग यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर टेरेन्स टाओ यांच्या पुढाकाराने ‘पॉलिमॅथ’ या खुल्या उपक्रमात अनेकांनी आपापल्या अर्ध्यामुर्ध्या पायऱ्या सर्वांसमोर लिहून ती मर्यादा ४,६८० पर्यंत खाली आणली, आणि जेम्स मेनार्ड यांच्या नव्या पद्धतीची जोड मिळाल्यावर २०१४ मध्ये ती २४६ वर आली. एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याला जशीच्या तशी उचलता येत होती, म्हणूनच हे इतक्या झपाट्याने घडले, असे मला वाटते.

समाजमाध्यमे चालवणाऱ्यांनी संदेशाच्या चौकटीतच लाटेकमधील सूत्र स्वीकारण्याची सोय द्यावी आणि पाठवणाऱ्यांनी फोटो जोडलाच, तरी त्याखाली सूत्र अक्षरांत लिहावे, अशी कळकळीची विनंती आहे. वृत्तपत्रांच्या ई-आवृत्त्यांतही गणिताचा मजकूर चित्राऐवजी अशाच स्वरूपात द्यावा. आपण त्याची सुरुवात करावी.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक